लक्झरी एसयूव्ही वळणात स्थिर, खड्ड्यात मऊ: कामाचा क्रम चुकवू नका

घाटात गाडी डुलते, मागच्या सीटवरच्यांना मळमळतं, म्हणून माणूस गॅरेजमध्ये जातो. तिथून वीस इंची अलॉय, बुटक्या कडेचे टायर आणि स्प्रिंगमध्ये कोंबलेले रबरी बफर घेऊन बाहेर पडतो. पहिल्या आठवड्यात गाडी 'टाइट' वाटते. मग पहिला मोठा खड्डा येतो, रिम वाकते, आणि मागे बसलेली आई म्हणते, "पूर्वीच बरी होती रे." गाडी तरीही डुलतेच, फक्त आता आपटतेही.

हे घडतं कारण गाडी कडक केली की ती स्थिर होते असं आपण धरून चालतो. पण वळणात गाडी किती कलली याचा त्रास शरीराला फारसा होत नाही. ती किती झटक्यात कलली आणि कलल्यावर किती वेळा हेलकावली, याचा होतो. स्प्रिंग गाडीला उचलून धरते आणि शॉकअप तिला आवरतो. मऊ स्प्रिंग आणि नीट आवरणारा शॉकअप अशी जोडी असेल तर दोन टनांची गाडीही घाटात शांत चालते. कडक स्प्रिंग आणि थकलेला शॉकअप ही सगळ्यांत वाईट जोडी, आणि आपल्याकडे लोक नेमकी तीच पैसे देऊन बनवून घेतात.

म्हणून क्रम जमिनीपासून वर जाणारा ठेवायचा: हवा, टायर, झिजलेले बुश (सांध्यांमधले रबरी तुकडे) आणि जॉइंट, शॉकअप, गरज उरलीच तर स्प्रिंग किंवा अँटी-रोल बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडून कलणं रोखणारा दांडा), आणि शेवटी अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं). बऱ्याच गाड्या बुश आणि जॉइंटपर्यंतच सुधारतात आणि पुढचा खर्च वाचतो.

## टप्पा १: तक्रार नेमक्या शब्दांत लिहून काढा

'सस्पेन्शन खराब आहे' एवढं सांगितलं तर मेकॅनिक सर्वांत महागडा भाग बदलेल. आधी स्वतः ठरवा की गाडी नेमकं काय करते.

डुलते: वळणात शिरताना एका बाजूला कलते आणि बाहेर पडताना उशिरा सावरते. संशय शॉकअप, अँटी-रोल बारच्या लिंक आणि बुशवर घ्या.

तरंगते: एक्सप्रेसवेवर हलका उंचवटा ओलांडल्यावर नाक किंवा शेपूट दोन-तीनदा वर-खाली होतं. हे जवळजवळ नेहमी थकलेल्या शॉकअपचं लक्षण असतं.

आपटते: खड्ड्यात धाडकन आवाज येतो. जास्त हवा, बुटका टायर, संपलेले बंप स्टॉप (चाक पूर्ण वर आल्यावर धक्का झेलणारं रबर) किंवा बसलेली स्प्रिंग.

थरथरते: रस्ता वरवर बरा दिसतो, पण बारीक खडबड सीटपर्यंत पोचते. हवा, टायरचा प्रकार, बॅलन्सिंग.

भटकते: सरळ रस्त्यावरही स्टिअरिंग सतत सावरत राहावं लागतं. टायर, लोअर आर्मचे (चाकाला गाडीशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचे) बुश, टाय रॉड (स्टिअरिंगची हालचाल चाकापर्यंत नेणारी कांडी), अलाइनमेंट.

एकाच गाडीला दोन तक्रारी असू शकतात. दोन्ही लिहा, पण जास्त छळणारी कोणती तेही लिहा, कारण पुढे एखाद्या टप्प्यावर निवड करावी लागेल.

मग चाचणीचा रस्ता ठरवा. मी पुण्यात राहतो. माझ्या चाचणीत तीन तुकडे आहेत: बायपासवरच्या एका उड्डाणपुलाचे सांधे, वाईहून पाचगणीला चढणारा पसरणी घाट आणि घराजवळची एक फुटकी गल्ली. तुमचा रस्ता वेगळा असेल, पण त्यात हे तिन्ही प्रकार हवेत. प्रत्येक बदलानंतर तोच रस्ता, तोच वेग, तेवढीच माणसं आणि साधारण तेवढंच डिझेल. वेग कायद्यातला ठेवा. सस्पेन्शनचा दोष चाळीस-पन्नासलाही स्वच्छ कळतो.

एक माणूस मागच्या सीटवर बसवायलाच हवा. चालवणाऱ्याला स्टिअरिंगचा आधार असतो, तो वळण येण्याआधीच शरीर सावरतो. राइडचा खरा निकाल दुसऱ्या रांगेत लागतो.

निघण्यापूर्वी: सपाट जागी गाडी उभी करा आणि चारही चाकांच्या मध्यबिंदूपासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर टेपने मोजून लिहून ठेवा. डिकीतलं कायमचं सामान, वर्षानुवर्षं न काढलेलं छतावरचं कॅरिअर, जड साउंड बॉक्स हेही काढा. छतावरचं वजन वळणात गाडीला सर्वांत जास्त ओढतं, आणि ते काढायला पैसे लागत नाहीत.

## टप्पा २: आपली गाडी कोणत्या जातीची, ते ओळखा

सगळ्या मोठ्या गाड्यांना एकच औषध चालत नाही.

फॉर्च्युनर लॅडर-फ्रेमची, म्हणजे शिडीसारख्या वेगळ्या सांगाड्यावर बॉडी बसवलेली गाडी आहे आणि तिचा मागचा अ‍ॅक्सल अखंड आहे. एक चाक उचललं की दुसऱ्यालाही त्याची खबर लागते. चाक, अ‍ॅक्सल, डिफरन्शियल असं सगळं वजन स्प्रिंगच्या खाली लटकतं, त्यामुळे तुटक रस्त्यावर मागून थोडी उसळी राहणारच. चांगल्या शॉकअपने ती पुष्कळ कमी होते, पण नाहीशी होत नाही. हे आधीच मान्य केलं तर पुढे निराशा होत नाही.

बीएमडब्ल्यू एक्स५, मर्सिडीज जीएलई, ऑडी क्यू७, व्होल्वो एक्ससी९० या मोनोकॉक (सांगाडा आणि बॉडी एकच) आणि चारही चाकं स्वतंत्र असलेल्या गाड्या. यांची मूळ राइड चांगली असते, पण आर्म आणि बुशांची संख्या खूप. आपल्या रस्त्यांवर तेच आधी जातात.

तिसरा प्रश्न: गाडीत इलेक्ट्रॉनिक शॉकअप किंवा एअर सस्पेन्शन आहे का? शॉकअपला वायर जात असेल तर साधा शॉकअप बसवून चालत नाही. डॅशबोर्डवर दिवा लागतो, आणि कम्फर्ट-स्पोर्ट मोड फक्त नावाला उरतात.

सावधान: एअर सस्पेन्शनची गाडी जॅकवर किंवा लिफ्टवर घेण्याआधी कंपनीने सांगितल्याप्रमाणे जॅक मोड किंवा सर्व्हिस मोड चालू करा. तसं न केल्यास चाकं लटकताच यंत्रणा उंची 'दुरुस्त' करू लागते. पंक्चरवाल्याला हे माहीत असेल असं गृहीत धरू नका, स्वतः सांगा.

## टप्पा ३: हवा

हा टप्पा लोकांना किरकोळ वाटतो, म्हणून मी यावर जास्त लिहितो आहे.

ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा डिझेलच्या झाकणाच्या आत स्टिकर असतो. त्यावर बहुतेक गाड्यांत दोन जोड्या दिलेल्या असतात: कमी माणसांसाठी आणि पूर्ण भारासाठी. पुष्कळदा पुढची आणि मागची हवाही वेगळी असते. पंपावरचा मुलगा विचारतो, "किती टाकू?" आणि आपण चारही चाकांत एकच आकडा सांगतो. पुढच्या-मागच्या हवेतला फरक पुसला की वळणातला तोल बदलतो. इंजिनिअरांनी तो फरक विचारपूर्वक ठेवलेला असतो.

टायरच्या कडेवर छापलेला आकडा हा त्या टायरला सोसणारा कमाल दाब असतो. तो तुमच्या गाडीसाठीचा आकडा नाही.

हवा थंड टायरला मोजा. गाडी किमान तीन तास उभी असलेली हवी, किंवा जेमतेम दीड-दोन किलोमीटर चाललेली. तापमान १० अंश सेल्सिअसने बदललं की हवा सुमारे दीड पीएसआयने बदलते. एक्सप्रेसवेवर तासभर पळवून गरम टायरमधली 'जास्तीची' हवा काढून टाकणं ही घातक चूक आहे. टायर थंड झाल्यावर तो आकडा स्टिकरच्या खाली जातो, आणि पुढच्या प्रवासात टायर आणखी तापतो.

आता प्रयोग. स्वतःचा डिजिटल गेज घ्या. पंपावरच्या मशीनवर आकड्यांची तुलना करता येत नाही. कमी माणसांसाठीचा स्टिकरचा आकडा भरा आणि चाचणीच्या रस्त्यावर जा. पुढचे दोन २ पीएसआयने वाढवा, पुन्हा तोच रस्ता. मग पुढचे मूळ जागी आणून मागचे वाढवून पाहा. स्टिकरच्या खाली मात्र जाऊ नका. कमी हवेत गाडी मऊ वाटते, पण टायरची कड वळणात मुडपते, स्टिअरिंगला उत्तर उशिरा मिळतं आणि खड्ड्यात रिम टायरला चिमटा काढते.

नायट्रोजनबद्दल विचारणारे भेटतात. साध्या हवेतही सुमारे ७८ टक्के नायट्रोजनच असतो. त्याने राइड मऊ होत नाही.

तपासा: 'आपटते' आणि 'थरथरते' या तक्रारी इथेच निम्म्या झाल्या का? झाल्या असतील तर आठवडाभर थांबा, मग पुढे जा.

## टप्पा ४: टायर आणि रिम

खड्ड्याचा पहिला धक्का टायरची कड पिते. ती जितकी बुटकी, तितका धक्का पुढे जातो. फॉर्च्युनरचं उदाहरण घेऊन गणित करू.

२६५/६५ आर१७: कडेची उंची १७२ मिमी.
२६५/६० आर१८: कडेची उंची १५९ मिमी.
२६५/५० आर२०: कडेची उंची १३२ मिमी.

तिन्हींचा एकूण व्यास ७७३ ते ७७६ मिमीच्या आत येतो, म्हणजे स्पीडोमीटर जवळपास तोच राहतो. पण अठरावरून वीसवर गेलात तर खड्डा पिणारी कड २७ मिमीने घटते, आणि मोठी रिम सहसा जडही असते. जड चाक उसळलं की शॉकअपला ते आवरायला जास्त झगडावं लागतं. दिसायला भारी म्हणून वीस इंची रिम घेतली की तुटक रस्त्यावर राइड आणि पकड, दोन्ही एकाच खर्चात गमावली जातात. मी विचारणाऱ्या प्रत्येकाला उलटी दिशा सुचवतो: तुमच्याच मॉडेलच्या कमी ट्रिमवर (स्वस्त आवृत्तीवर) कंपनी लहान रिम देते का पाहा, आणि ती तुमच्या ब्रेक कॅलिपरला मोकळी बसते का हे प्रत्यक्ष लावून तपासा.

टायरचा प्रकारही बघा. ऑल-टेरेन टायर शेतावर आणि मुरमाच्या रस्त्यावर चांगला, पण त्याचे मोठे ठोकळे डांबरी वळणावर मुडपतात आणि आवाज करतात. वर्षातून दोनदा कच्च्या रस्त्यावर जाणाऱ्याने हायवे-टेरेन किंवा एसयूव्हीसाठीचा टूरिंग टायर घ्यावा. हँडलिंग आणि आराम एकाच वेळी सुधारणारा याहून सोपा बदल मला माहीत नाही.

जर्मन गाड्यांमध्ये रन-फ्लॅट टायर असू शकतात. कडेवर आरएफटी, एसएसआर, झेडपी अशी रोमन अक्षरं शोधा. त्यांची कड पंक्चरमध्येही गाडी पेलेल इतकी ताठ असते, म्हणून ती धक्काही कमी पिते. साधे टायर घातले की फरक पहिल्याच गल्लीत कळतो. पण मग डिकीत स्पेअर नसतो, याची सोय आधी करा: पंक्चर किट आणि पंप तरी हवाच. आणि चारही एकाच प्रकारचे घ्या. पुढे रन-फ्लॅट, मागे साधे असं कधीच नको.

खरेदीच्या वेळी या गोष्टी पाहा:

१. लोड इंडेक्स मूळ टायरइतका किंवा जास्त. ११० म्हणजे एका टायरला १०६० किलो, १०७ म्हणजे ९७५ किलो. दुकानदार 'साइज तीच आहे' म्हणेल, पण हा आकडा कमी असेल तर घेऊ नका. स्पीड रेटिंगचं अक्षरही मूळच्या खालचं नको.

२. बनवल्याची तारीख. कडेवर चार आकडे असतात: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा.

३. फुल-टाइम ऑल-व्हील ड्राइव्ह असेल तर चारही टायरची झीज जवळपास सारखी हवी. दोन नवे, दोन गुळगुळीत अशा जोडीने ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या पेटीवर) सतत ताण येतो.

४. टायरच्या खाचांमधले झीज दाखवणारे उंचवटे १.६ मिमीवर असतात. कोकणात पावसाळ्यात जाणार असाल तर तिथपर्यंत वाट पाहू नका, ३ मिमीलाच बदला. पाणी साचलेल्या रस्त्यावर उत्तम सस्पेन्शनही गुळगुळीत टायरला वाचवू शकत नाही.

नवे टायर घातल्यावर पहिले तीनशे किलोमीटर वळणं जपून घ्या. रबराचा वरचा थर निघेपर्यंत पकड पूर्ण नसते. त्याआधी निष्कर्षही काढू नका.

सावधान: चाक बाहेर काढून रुबाब आणणारे व्हील स्पेसर लावू नका. बेअरिंगवरचा ताण वाढतो आणि खड्ड्यात स्टिअरिंग हाताला झटके देऊ लागतं.

## टप्पा ५: झिजलेले बुश, लिंक आणि बॉल जॉइंट

इथे सर्वांत जास्त पैसे वाया जातात, कारण लोक हा टप्पा गाळून थेट शॉकअपवर जातात.

माझ्या मावसभावाने आठ वर्षं जुनी जर्मन एसयूव्ही घेतली. ती वळणात डुलायची आणि ब्रेक मारला की किंचित बाजूला ओढायची. एका गॅरेजने चारही शॉकअप बदलायला लावले. बिल भरून तो घरी आला, गाडी तशीच. लिफ्टवर घेऊन लोअर आर्मच्या मागच्या बुशमध्ये पहार घालून हलवलं, तेव्हा रबर अर्ध्यापर्यंत फाटलेलं दिसलं. खरं काम त्या दोन बुशांचं आणि अँटी-रोल बारच्या दोन लिंकचं होतं.

तपासणीचा क्रम असा ठेवा. गाडी जमिनीवर असताना एकाने स्टिअरिंग दोन्ही बाजूंना हलकं हलवायचं आणि दुसऱ्याने टाय रॉडच्या टोकावर हात ठेवायचा. टकटक हाताला लागते. मग गाडी उचलून चाक वर-खाली धरून हलवा (बॉल जॉइंट आणि बेअरिंग), डावी-उजवीकडे हलवा (टाय रॉड). आर्मच्या प्रत्येक बुशला पहारीने हलका रेटा द्या. रबराला वरवरच्या बारीक भेगा असतील तर घाबरू नका, आरपार फाटलं असेल किंवा आत तेल भरलेला बुश गळत असेल तर बदला. अँटी-रोल बारला धरून ठेवणारे डी आकाराचे बुश आणि लिंक हे सगळ्यांत स्वस्त भाग, आणि डुलण्याच्या तक्रारीत मी त्यांच्याकडेच आधी पाहतो.

पॉलियुरेथेनचे कडक बुश घालायचा आग्रह होईल. स्टिअरिंग धारदार होतं हे खरं, पण रस्त्याची थरथर थेट बॉडीत जाते. शांत गाडीसाठी कंपनीच्या मूळ दर्जाचा रबरी बुशच घ्या. फार तर अँटी-रोल बारच्या डी-बुशला पॉलियुरेथेन चालेल, कारण ते सरळ जाताना रस्त्याचा धक्का फारसा वाहत नाहीत.

आता या लेखातली सर्वांत महत्त्वाची सूचना. आर्मच्या रबरी बुशचा बोल्ट चाक हवेत लटकत असताना शेवटचा आवळू नका. बुशचं रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटलेलं असतं, ते फिरत नाही, पिळलं जातं. लटकत्या अवस्थेत आवळलं आणि गाडी खाली ठेवली की रबर कायमचं पिळलेलं राहतं. गाडी उंच आणि कडक वाटते, आणि नवा बुश अकाली फाटतो. बोल्ट हाताने बसवा, चाकांवर वजन येईल असं करा (चार खांबांच्या रॅम्पवर किंवा आर्मखाली जॅक देऊन टप्पा १ मध्ये लिहिलेली उंची येईपर्यंत), आणि मग टॉर्क रेंचने कंपनीच्या आकड्याला आवळा. गर्दीच्या गॅरेजमध्ये ही पायरी पहिली गाळली जाते. काम होईपर्यंत शेजारी उभं राहिलात तरी हरकत नाही.

तपासा: 'भटकते' आणि ब्रेकमध्ये ओढणं इथे थांबायला हवं. थांबलं नसेल तर पुढचा खर्च थोपवा, पुन्हा लिफ्टवर घ्या.

## टप्पा ६: शॉकअप

बॉनेट दाबून गाडी किती उसळते हे बघायची जुनी पद्धत दोन टनांच्या एसयूव्हीला लागू पडत नाही. त्याऐवजी वीसच्या वेगाने एक लांब, गोल गतिरोधक ओलांडा आणि बाहेर उभ्या माणसाला बघायला सांगा. बॉडी एकदा वर येऊन बसली पाहिजे. दुसरी, तिसरी डुबकी दिसली तर शॉकअप थकला. टायरवरून तळहात गोल फिरवा; लाटांसारखे उंच-सखल खड्डे लागले तर चाक रस्त्यावर नाचत होतं. शॉकअपच्या अंगावर हलका धुळकट ओलावा चालेल, तेलाचा ओघळ नाही.

निवडताना एक गोष्ट समजून घ्या. शॉकअप दोन दिशांनी काम करतो. चाक वर येताना दाबणं, आणि स्प्रिंग परत उलगडताना रोखणं. खड्ड्याचा धक्का पाठीला लागतो तो दाबण्याच्या कडकपणामुळे. तरंगणं थांबतं ते उलगडण्याला आवर घातल्याने. म्हणून आपल्याला उलगडताना घट्ट आणि दाबताना सौम्य असा शॉकअप हवा. दुकानात 'हेवी ड्युटी' म्हणून मिळणारे काही शॉकअप दोन्ही दिशांनी कडक असतात. ते भरलेल्या कॅम्पिंगच्या गाडीला ठीक, चार माणसांच्या कुटुंबाला नाही.

साधे शॉकअप असतील तर मूळ स्प्रिंगसाठीच बनवलेला, नामांकित कंपनीचा एक पायरी वरचा शॉकअप घ्या. इलेक्ट्रॉनिक असतील तर कंपनीचेच, किंवा कंपनीला पुरवठा करणाऱ्याचे.

बसवताना: एका अ‍ॅक्सलवरचे दोन्ही एकदम बदला. वरचे माउंट, बंप स्टॉप आणि धूळरोधक रबर नवे घाला. तेच काम पुन्हा उघडायचं तर मजुरी दुप्पट. दुहेरी नळीचा शॉकअप आडवा साठवलेला असतो, म्हणून बसवण्याआधी उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबा आणि पूर्ण ओढा, म्हणजे आतली हवा वर निघते. चकाकत्या दांड्याला पकडीने धरू नका. एक ओरखडा पडला तरी सील जातं.

अ‍ॅडजस्ट होणारा असेल तर स्क्रू पूर्ण बंद करून तिथून क्लिक मोजत मागे या. सर्वांत मऊ सेटिंगपासून सुरुवात करा, एका वेळी दोन क्लिक आवळा आणि चाचणीच्या रस्त्यावर जा. तरंगणं थांबलं की थांबा. पुढे आवळत गेलात तर बारीक खडबड वाढेल, आणि सलग खड्ड्यांत चाक परत खाली यायच्या आतच पुढचा खड्डा येईल, गाडी हळूहळू खाली बसत जाईल.

एअर सस्पेन्शनवाल्यांसाठी: रात्री चारही कोपऱ्यांची उंची मोजा, सकाळी पुन्हा मोजा. एखादा कोपरा बसला असेल तर साबणाचं पाणी लावून गळती शोधा. बेलोच्या (हवेच्या रबरी पिशवीच्या) घडीत भेगा असतात. छोटी गळती चालू ठेवली तर कॉम्प्रेसर सतत चालून जळतो आणि खर्च कितीतरी वाढतो. एअर काढून साध्या स्प्रिंग घालण्याचा स्वस्त उपाय मी सुचवत नाही. गाडीची जी चांगली बाजू आहे, तीच त्यात जाते.

## टप्पा ७: स्प्रिंग आणि अँटी-रोल बार, गरज उरली तरच

टप्पा १ मधल्या मापांत डावी-उजवीकडे एक सेंटीमीटरहून जास्त फरक असेल, किंवा गाडी कंपनीच्या उंचीच्या बरीच खाली असेल, तर स्प्रिंग बसली आहे. मूळ कडकपणाचीच नवी घ्या. गाडी खाली करणाऱ्या स्प्रिंग नकोत: आपल्या गतिरोधकांवर पोट घासतं, आणि चाकाचा वर येण्याचा प्रवास घटल्याने गाडी सारखी बंप स्टॉपवर आपटते.

स्प्रिंगच्या वेटोळ्यांत घालायचे रबरी बफर मी कोणालाही घालू देत नाही. ते स्प्रिंगचा एक भाग अडवतात, उरलेल्या वेटोळ्यांवर ताण येतो आणि मऊपणा तिथेच संपतो.

जाड अँटी-रोल बार हा मोहक उपाय आहे. दोन्ही चाकं एकदम उचलली जातात तेव्हा तो काहीच करत नाही, वळणातलं कलणं मात्र कमी करतो. पण आपल्याकडचे खड्डे एकाच चाकाखाली येतात. तेव्हा तोच बार धक्का दुसऱ्या बाजूला नेतो, आणि आतल्यांची डोकी खिडकीकडे हेलपाटतात. रोज गुळगुळीत महामार्गावर असाल तर एक पायरी जाड चालेल. मागचा बार फार जाड केला तर ओल्या वळणात शेपूट सुटण्याकडे कल वाढतो. गावच्या रस्त्याला जाणाऱ्याने मूळ बार आणि नव्या लिंक यांवर समाधान मानावं.

कायद्याचं: मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ उत्पादकाने नमूद केलेल्या तपशिलांपेक्षा वेगळा बदल करायला मनाई करतं. झिजलेला भाग त्याच मापाच्या भागाने बदलणं वेगळं, आणि उंची किंवा टायरचं माप बदलणं वेगळं. मोठा बदल करण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनीकडे लेखी विचारा. अपघातानंतर विचारण्यात अर्थ नाही.

## टप्पा ८: अलाइनमेंट, आणि तेही शेवटी

सगळे भाग बदलून झाल्यावर एकदाच करा. नव्या स्प्रिंग घातल्या असतील तर आधी दोनशे-तीनशे किलोमीटर चालवून त्या बसू द्या.

जाण्याआधी हवा स्टिकरप्रमाणे भरा. एअर सस्पेन्शन असेल तर नॉर्मल उंचीवर ठेवा आणि उंचीचं कॅलिब्रेशन आधी करून घ्या. काही कंपन्या टाकी भरलेली आणि सीटवर वजन ठेवलेलं सांगतात. तुमच्या गाडीला ते लागतं का, हे ऑपरेटरला स्क्रीनवर दाखवायला सांगा.

आधीचा आणि नंतरचा छापील कागद घ्या आणि त्यावर तीन गोष्टी वाचा. टो (चाकांची पुढची टोकं आत किंवा बाहेर वळलेली असणं) बिघडला की गाडी भटकते आणि टायर खातो. कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा पुढे-मागे कल) वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ आणतो. डाव्या-उजव्यात फरक असेल तर गाडी एका बाजूला जाते. मागच्या चाकांची दिशा सांगणारा थ्रस्ट अँगल शून्याच्या जवळ हवा, नाहीतर गाडी तिरकी चालते आणि स्टिअरिंग वाकडं राहतं. फॉर्च्युनरसारख्या गाडीत पुढे लोअर आर्मच्या कॅम बोल्टवर कॅस्टर आणि कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) बदलता येतात, मागचा अखंड अ‍ॅक्सल मात्र जुळवता येत नाही. स्वतंत्र मागची चाकं असलेल्या गाड्यांत मागचंही करून घ्या. फक्त पुढचा टो करून 'झालं' म्हणणाऱ्याला परत लावायला सांगा. कॅम बोल्ट गंजून अडकलेले असतात, म्हणून बरेच जण त्याला हातच लावत नाहीत.

'हिरव्या रंगात आहे' एवढ्यावर थांबू नका. कंपनीच्या मर्यादेत असूनही डावा एका टोकाला आणि उजवा दुसऱ्या टोकाला असू शकतो. दोन्ही बाजू एकमेकींच्या जवळ आणायला सांगा.

शेवटी स्टिअरिंग अँगल सेन्सर शून्यावर करून घ्या. तो चुकला असेल तर स्टॅबिलिटी कंट्रोल वळणात नको तेव्हा ब्रेक लावू शकतो. गाडीत रडार किंवा कॅमेऱ्यावर चालणारी चालक-साहाय्य यंत्रणा असेल तर तिचं कॅलिब्रेशनही कंपनीच्या सूचनेप्रमाणे तपासा. उंची बदलली असेल तर हेडलाइटचा झोत भिंतीवर पाडून पाहा.

## टप्पा ९: हजार किलोमीटरनंतर

चाकांचे नट पन्नास ते शंभर किलोमीटरवर एकदा टॉर्क रेंचने तपासा. हजार किलोमीटरला चारही कोपऱ्यांची उंची पुन्हा मोजा आणि टप्पा १ च्या कागदाशी ताडा. बुश आणि लिंकच्या जागी नवा आवाज येतो का, हे खिडक्या खाली करून, गाणी बंद ठेवून घराजवळच्या त्या फुटक्या गल्लीत ऐका. मग प्रत्येक टायरवरून तळहात आतून बाहेर आणि बाहेरून आत फिरवा. एका दिशेला गुळगुळीत आणि उलट दिशेला करवतीसारखं लागलं तर टो अजून चुकलेला आहे. टायर खराब होण्याआधी छापील कागद घेऊन त्याच ठिकाणी परत जा.